मिशी, पेटी आणि पितळी स्क्रू

बोरी अरबच्या नागोराव मिस्तरीला तोंडात स्क्रू धरून काम करायची सवय होती. कापसाच्या जिनिंगमध्ये फिटर असतानाची. झुबकेदार मिशीखालून स्क्रूंची डोकी रांगेने बाहेर डोकावत, आणि तेवढा वेळ मिस्तरीला बोलता येत नसे. म्हणून त्याची बायको मथुराबाई घरातले सगळे विषय नेमके तेव्हाच काढायची. मीठ संपलं, बहिणीकडे जायचं आहे, छपरातून मांजर पडलं. मिस्तरी ‘हूं’ करायचा, आणि ‘हूं’ म्हणजे होकार असा तिने कायदाच करून टाकला होता.

साठ-एकसष्ट साल असेल. गावोगावी तमाशासारखे खेळ करणाऱ्या विठ्ठलरावांच्या खडी गंमत मंडळीकडे बॅटरीवर चालणारं भोंग्याचं यंत्र होतं. दारव्ह्याच्या वाटेवर ते बंडीतून पडलं, मागच्या बंडीच्या बैलाने त्याच्या पत्र्याच्या पेटीवर पाय दिला आणि पेटीची परात झाली. आतले वाल्व तेवढे नशिबाने वाचले. विठ्ठलरावांनी तो उघडा संसार गोधडीत गुंडाळून नागोरावपुढे आणून ठेवला.

“मिस्तरी, याले नवं घर पायजे. शनिवारच्या बाजारात खेळ हाय.”

सागवानी पेटी झटक्यात उभी राहिली. खरा सोहळा पुढेच होता. गोणपाटावर गावातले झाडून सगळे स्क्रू मांडून नागोराव दरबार भरवल्यासारखा बसला आणि एकेकाला चिमटीत धरून निकाल देऊ लागला. “तू लय लंबा. आतल्या तारांच्या पोटात शिरशीन. जा! तू लोखंडी. एका पावसात गंजशीन, मंग पेचकस लावला की तुयं डोस्कंच तुटीन. अन् तू रे गोलडोक्या? खेळातल्या राणीचा शालू तुह्यातच अडकीन!” शेवटी दरबारात उरले ते आखूड, पितळी, चपट्या डोक्याचे. जिथे नट-बोल्ट हवे तिथे नटखाली स्प्रिंगचे वायसर बसले, पेटीच्या पायांना सायकलच्या ट्यूबचे तुकडे लागले.

मग परीक्षा. तांड्यावरच्या शंकरसिंगाच्या बंडीला पेटी बांधून त्याने ती कोरड्या नाल्यातल्या धोंड्यांवरून पळवली. शंकरसिंगाची एक दाढ हलली. स्क्रू एकही हलला नाही.

“या पेटीतून कुरकुर आली,” नागोराव भर चौकात गरजला, “तर ही मिशी उतरवीन!”

मंडळीची राणी तिथेच उभी होती. राणी म्हणजे बाईचं सोंग घेणारा श्रावण. नाकीडोळी अशी की रंगवला की बायकासुद्धा पाहत राहत. पण त्यापायी बिचाऱ्याला रोज तोंड खरवडावं लागे. दुसऱ्याची मिशी त्याला बघवत नसे.

“वस्तरा माया,” तो लाजत म्हणाला, “पानी तुमचं.”

शुक्रवारी दुपारी तालीम झाली. साजशृंगार करून श्रावण माइकसमोर उभा राहिला, मान वेळावत त्याने वरची तान घेतली, आणि भोंग्यातून आलं: झिर्रर्र!

सगळ्यांनी मिशीकडे पाहिलं.

नागोरावने पेटी उघडली, सगळे आटे आवळले. पुन्हा झिर्रर्र. स्क्रूंना मेण लावून बसवले. झिर्रर्र. श्रावण दोन तानांच्या मध्ये पट्ट्यावर वस्तरा घासू लागला. तेवढ्यात भाकर घेऊन मथुराबाई आली. मिस्तरीचं तोंड स्क्रूंनी गच्च भरलेलं पाहून तिने संधी साधली.

“अवो, पेटीले कायले छळून राह्यले? त्या राणीच्या झुमक्याची फिरकी ढिली हाय. माह्या कुडीचा असाच आवाज येते. किती डाव सांगतलं, आवळून द्या म्हणून!”

“हूं,” मिस्तरी म्हणाला.

शनिवारी बाजार फुलला. राणीने तान घेतली, झिर्रर्र झालं, आणि लोकांनी टोपल्या खाली ठेवून टाळ्या दिल्या. “वा रे पैंजण!” पण पैज ती पैज. मध्यंतरात विठ्ठलरावांनी बॅटरी वाचवायला तार काढली, आणि राणीसाहेब शालू खोचून, वाटीत फेस करून हजर झाल्या. नागोराव खोक्यावर बसला. अर्ध्या मिशीला फेस लागला.

“हालू नका, मिस्तरी. नाकबी जाईन,” म्हणत श्रावणने मान वाकडी करून वस्तरा टेकवला.

झिर्रर्र!

अगदी कानाशी. नागोरावचे डोळे विस्फारले. “थांब! बॅटरी बंद हाय!” तोंडावरचा फेस उडवत तो ओरडला आणि राणीचा कानच धरला. झुमक्याची फिरकी शेवटच्या आट्यावर लोंबत होती.

“काल मी काय सांगून राह्यली होती?” बायकांच्या गर्दीतून मथुराबाई कडाडली.

नागोरावने फिरकी आवळली, मागून सायकलच्या वाल्वच्या रबराचा तुकडा चढवला. अर्धी मिशी पांढरी ठेवूनच तो पेटीशेजारी ऐटीत बसला. खेळ सुरू झाला, तान आली, कशी दुधासारखी स्वच्छ! आणि बाजार खवळला.

“पैंजण कुठी गेलं? आमचं पैंजण वापस द्या!” एक वांगं भोंग्याला लागून फुटलं.

विठ्ठलराव धावत आले. “मिस्तरी, पाया पडतो, आवाज वापस आण. कर पेटीतला एखांदा स्क्रू ढिला!”

“पेटीतला?” नागोरावने मिशीवर हात ठेवला. “मालक, जीव मांगा. पेटीले हात लावू देणार नाई.”

पण माणूस दिलदार. तो उठला, राणीपुढे गेला, रबर काढून खिशात टाकलं आणि दोन बोटांनी फिरकी सैल केली. त्या दिवसापासून मंडळीच्या हँडबिलावर भोंगेवाल्याच्या खाली त्याचंही नाव छापून येऊ लागलं. गावोगावी खेळ सुरू होण्याआधी नागोराव पेचकस कानामागे खोचून गंभीरपणे राणीच्या कानाशी उभा राही.

“मान हालवा, राणीसायेब.”

झिर्र.

“अजून अर्धा आटा,” नागोराव म्हणे. मागून मथुराबाई, दोन्ही कुड्या वाजवत, विचारी, “अन् माह्या?”

तो घाईघाईने खिशातले चार स्क्रू तोंडात टाकी.