कपाटामागून आलेली आरू

चुकलंमाकलं तर समजून घ्या, मी आठवीपर्यंतच शिकलेली, मोबाईलवर एकेक अक्षर शोधून टाकतेय... भूतबीत मी कधी मानलं नाय. माहेरी दिंडोरीकडं अंधारात मळ्यात एकटी पाणी भरलेली बाई हाय मी. पण हे घरात कोणी ऐकत नाय, म्हणून इथं लिहिते.

आम्ही पंचवटीत राहतो, भाजीबाजाराच्या मागच्या गल्लीत, दुसऱ्या मजल्यावर. एक खोली आणि स्वयंपाकघर. आमचे हे पिंपळगावला द्राक्षाचा टेम्पो चालवतात. घरात सासूबाई, आणि आमची आरू, चार वर्षांची.

टीव्हीवर दुपारी एक हिंदी सिरीयल लागते. त्यातली बाई बटन दाबते, हवेत गोल उजेड पडतो, त्यातून ती दुसऱ्या दुनियेत जाते. तिथं सगळं हितल्यासारखंच — तेच घर, तीच माणसं, फक्त एखादी गोष्ट वेगळी. आरूला लय वेड त्याचं. रिमोट घ्यायची आणि लोखंडी कपाट न् भिंतीच्या मधल्या फटीत शिरायची. पोर मावेल एवढीच जागा, पुढं भिंत, दुसरीकडून वाट नाय.

"आई, मी दुसऱ्या दुनियेत जाते."

सासूबाई ओरडायच्या, "जाते म्हणू नये गं, येते म्हण. तुझी आई पण काय शिकवत नाय तुला."

पोरगी हट्टी. मुद्दाम "जातेच" म्हणायची.

त्या दिवशी सासूबाई खाली भाजीला गेलेल्या. मी मेथी निवडत होते. आरू म्हणाली, "आई, जाते." मी वर पण नाय बघितलं... म्हटलं, जा बाई जा. असं कोणी म्हणतं का हो? शेजारीण निघाली तरी आपण "या" म्हणतो. माझ्या तोंडून कसं निघालं काय माहीत.

मग आवाजच येईना म्हणून उठले. फटीत बघितलं तर पोरगी नाय. रिमोट खाली पडलेला. पलंगाखाली बघितलं, मोरीत बघितलं, दाराची कडी तर आतून — वरची, तिचा हात पण पोचत नाय. दार उघडून हाका मारणार तेवढ्यात मागून आवाज, "आई, आले."

कपाटामागून आली. त्याच फटीतून, जी मी आत्ता बघितली होती.

पोटाशी धरून रडले. संध्याकाळी अंघोळ घालताना बघते, तर दंडावरचा लसीचा व्रण उजव्या हाताला. माझ्या आरूचा डाव्या हाताला होता. सुई देताना मीच मांडीवर धरली होती तिला.

ह्यांना दाखवलं. "उजव्यालाच असेल की," म्हणाले. मी मोबाईलमधले जुने फोटो उघडून दाखवले. व्रण डाव्या हातालाच दिसत होता, पण सगळे मीच घेतलेले सेल्फी.

"सेल्फीत उलटं दिसतं, येडे," हे हसायला लागले. "ती सिरीयल बंद कर आधी. पोरीपेक्षा तुझंच डोकं फिरलंय."

सासूबाई तर खूश हायत. कारण आता खाली खेळायला निघाली की पोरगी म्हणते, "आजी, येते हं." मला म्हणतात, "शिकवलंस बाई शेवटी."

मी नाय शिकवलं.

ती मला आईच म्हणते. झोपताना माझा पदर मुठीत धरते, माझी धरायची तसाच. एकदा मी ते कपाट भिंतीला सरकवून फट बंद केली... आणि लगेच परत ओढलं. माझी यायची झाली तर कुठून येईल?

आता ही रोज रिमोट घेऊन त्या फटीपाशी उभी राहते, माझ्याकडं बघते. "आई, येते." माझ्या तोंडात "ये" येतं, आणि हातानं मी तिचं मनगट घट्ट धरून ठेवते. सोडली आणि ही पण गेली, माझी पण नाय आली तर?

काय झालं, कसं झालं, मला अजून काय कळत नाय. एवढंच कळतं की हिला कोणीतरी येते म्हणायला शिकवलंय. ती बाई तिकडं फटीत बघत बसली असेल.