श्वास रोखलेलं दार

पोलीस ॲक्शनमध्ये निजामाचं राज्य गेलं, औरंगाबादच्या शाळांत उर्दू जाऊन मराठी आली, आणि आमच्या घराला घोर लागला. आमचे हे मास्तर. अख्खं शिक्षण उर्दूत झालेलं. मराठी घरात बोलायची तेवढीच. आता तपासणीला साहेब येणार, त्यांच्यासमोर मराठीचा धडा घ्यायचा, नाही जमला तर नोकरीवर गदा. माझं माहेर नाशिककडचं, मी मराठी सातवी पास. म्हणून रोज संध्याकाळी मास्तरांची मास्तरीण मी!

धडा म्हणजे एक भीतीची गोष्ट होती. हरवलेल्या भावाला शोधत एक माणूस दिवेलागणीला एका बंद घरापाशी येतो. ‘दार श्वास रोखून उभं होतं,’ हे वाक्य आलं की यांचं घोडं अडायचं.

“दार कसं श्वास रोखेल? लाकूड आहे ते. साफ झूट!”

“अहो, तुमच्या शेरांत रोज माणसं नजरेनं मरतात, ते बरं चालतं?”

“ती शायरी आहे. मराठीत माणूस भाजीचा भाव विचारतो, भांडतो. मराठीत सरळ बोलतात.”

असा संताप आला! माझी भाषा काय भाजीपुरती? मी पुस्तक आपटलं आणि दोन दिवस शिकवलंच नाही. पण नोकरीची धास्ती मलाही होतीच, पुन्हा बसले. सांगून सांगून घसा कोरडा पडला. शेवटी म्हटलं, “दाराचं राहू द्या. आत कोण असेल ते सांगा.” ते पुस्तक मिटून उठले आणि दाराची कडी लागली आहे ना, ते बघून आले.

तपासणीच्या दिवशी मी देव पाण्यात घालून बसले होते. हे आले ते उतरल्या चेहऱ्यानं.

“नोकरी राहिली,” ते म्हणाले. “साहेबांनी नेमकं तेच वाक्य विचारलं. मी पोरांना आमच्या घरचं सांगितलं. पोलीस ॲक्शनच्या गडबडीत तू माहेरी होतीस, तेव्हा आम्ही कडी लावून आत बसलो होतो. बाहेर पावलं थांबली. आईनं धाकट्या भावाच्या तोंडावर हात दाबला. बाहेरच्याला दिसत होतं ते फक्त दार. पावलं गेली, तेव्हा कुठं आम्ही श्वास सोडला.”

लग्नाला इतकी वर्षं झाली, यातला एक शब्द मला ठाऊक नव्हता. राग आणि रडू एकदमच आलं.

“वर्गभर पोरांना सांगितलंत आणि मला नाही?”

“उर्दूत तुला कळलं नसतं,” ते म्हणाले, “आणि मराठीत हे सांगता येतं, हे मला आज कळलं.”