जाधव सरांनी लिहिलं होतं

मित्रमैत्रिणींनो, आज तुमच्यासमोर एक चूक कबूल करायची आहे.

मी माणगावजवळच्या एका शाळेत शिकवते. गावातल्या जुन्या भाताच्या वाणांवर आम्ही शिक्षक मिळून पुस्तिका लिहीत होतो. मोठा भाग जाधव सरांकडे होता. त्यांची फाइल मी कॉम्प्युटरवर उघडली, तर नुसती शीर्षकं. खाली काहीच नाही.

सगळ्या स्टाफसमोर मी बोलले, "सर, जमत नव्हतं तर घेतलंत कशाला?"

"मॅडम, लिहिलंय हो मी," एवढंच ते म्हणाले. मी पुढे ऐकूनच घेतलं नाही. त्यांचा भाग वगळून पुस्तिका छापली.

गेल्या महिन्यात सर अचानक गेले.

आज श्रद्धांजलीसाठी काही सापडेल म्हणून ती फाइल उघडली. शीर्षकाशेजारच्या बारीक बाणावर चुकून क्लिक झालं आणि खालचा मजकूर उलगडला. मग एकेक बाण दाबत गेले. प्रत्येक वाणाची माहिती होती, सांगणाऱ्या शेतकऱ्याच्या नावासकट. कधीतरी ते भाग मिटले गेले होते, एवढंच.

शाळा सुटल्यावर त्यांच्या घरी जाऊन वहिनींची माफी मागितली.

"त्यांना वाटलं, आपल्याच हातून पुसलं गेलं," त्या म्हणाल्या. "परत पहिल्यापासून वहीत लिवायला बसले व्हते."

ती वही त्यांनी मला दिली. अर्धी भरली आहे.

पुस्तिका पुन्हा छापू, सरांच्या नावानं. पण त्या दिवशी सगळ्यांसमोर बोललेलं आता कसं परत घेऊ?