तीन ठिकाणचा सिंगल

लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या या माणसाला कामावर सगळे ‘सावकाश’ म्हणायचे. दार उघडण्याआधी, दोराला हात लावण्याआधी, साधा स्क्रू फिरवण्याआधीसुद्धा हा म्हणणार, “सावकाश, सावकाश.” लोक हसायचे, पण सोळा वर्षांत त्याच्या हाताखालच्या कुणाला खरचटलंसुद्धा नव्हतं. नवीन मशीन आलं की बाकीचे थेट पाने घेऊन भिडायचे आणि हा माहितीपुस्तक पहिल्या पानापासून वाचत बसायचा. तेव्हा परदेशातल्या नोकरीचं पत्र आलं आणि त्याने ते वाचलं, म्हणजे ते नीट वाचलं गेलं असं घरात सगळ्यांनीच धरून चालणं साहजिक होतं.

मुलाखतीच्या दिवशीच त्याने बायकोला बजावून ठेवलं होतं, “जायचं तर तिघांनी. एकटा मी जाणार नाही. इथे काय लिफ्ट कमी पडल्यात?” यामागे कारण होतं. त्याच्या वडिलांनी, म्हणजे नानांनी, एकोणीस वर्षं बाहेरदेशी नोकरी केली. वर्षातून एक महिना घरी यायचे. आठ वर्षांच्या आपल्या मुलीला आपण महिनाभराचे पाहुणे होऊ नये, एवढीच या माणसाची अट होती, आणि त्यात तडजोड नव्हती.

पत्र चार पानांचं, इंग्रजीत. पगाराचा एकूण आकडा आत्ताच्या तिप्पट. बायको चष्म्याच्या दुकानात काउंटर सांभाळायची, तिने आकड्यावरून बोट खाली आणलं आणि विचारलं, “अहो, हे सिंगल काय लिहिलंय? तीनदा लिहिलंय.”

“तीन गोष्टी आहेत त्या,” सावकाश म्हणाला. “राहण्याची सोय सिंगल, म्हणजे आपलं घर वेगळं. दुसऱ्या कुणाबरोबर एका घरात कोंबणार नाहीत. तिकीट सिंगल, म्हणजे नुसतं जायचं. यायचं आपण काढायचं. बसला नसतं का, सिंगल आणि रिटर्न?”

“आणि औषधपाणी सिंगल?”

इथे तो जरा अडखळला. मग म्हणाला, “तिघांचं मिळून एकच कार्ड असेल.”

आता बोला! शब्द एक आणि पठ्ठ्याने अर्थ काढले तीन, तेही मोठ्या विचारपूर्वक. बायकोचं समाधान झालं. तिने दुकानात महिन्याची नोटीस दिली. मुलीने तर वर्गात जाहीरच करून टाकलं, आणि आपली खिडकीजवळची जागा मैत्रिणीला देऊनही टाकली.

सही करण्याआधी नानांना एकदा दाखवावं, म्हणून शनिवारी दुपारी तिघं त्यांच्याकडे गेली. मुलगी खाली अंगणात खेळायला पळाली. सावकाशची आई पलंगावर वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होती. नाना खुर्चीत. असली पत्रं म्हणजे नानांचा हातखंडा. त्यांनी चष्मा पुसला, पेन्सिल घेतली आणि पहिल्याच पानावर एका आकड्याभोवती गोल काढला.

“एकूण पगार बघून हुरळलास ना? हा बघ मूळ पगार. निम्म्याहून कमी. बाकी सगळे भत्ते. नोकरी सोडताना जी रक्कम हातात पडते, ती मूळ पगारावर काढतात, एकूणावर नाही. रजेच्या पगाराचंही तेच. मूळ पगार वाढवून माग. त्यांना सवय असते असल्या मागण्यांची.”

सावकाशने मान डोलावली. नाना पुढे वाचत गेले. पान उलटलं, पुन्हा मागे आले.

“तू एकटाच जातोयस, हे बरं केलंस.”

“एकटा कुठे? तिघं जातोय.”

नानांनी पेन्सिल सिंगलवर टेकवली. सावकाशने आपले तीन अर्थ त्यांना सांगितले. नाना आधी हसले, मग त्यांना मुलाचा चेहरा दिसला. “अरे बाबा, तिन्ही ठिकाणचा सिंगल एकच आहे. तो तू. खोली तुला, तिकीट तुला, दवाखाना तुला. यात ह्या दोघी कुठेच नाहीत.”

सुनेचा चेहरा खर्रकन उतरला. “मी नोटीस दिलीय, नाना,” एवढंच ती म्हणाली. सावकाशला मेल्याहून मेल्यासारखं झालं. सोळा वर्षं अक्षर न् अक्षर वाचणारा माणूस एका शब्दावर तोंडघशी पडला होता, आणि तेही बायकोला शिकवायला जाऊन.

पत्राखाली नोकरी देणाऱ्या कंपनीच्या बाईंचा नंबर होता. त्याने तिथूनच फोन लावला. बाई सभ्य होत्या. तुमच्या पदाला कुटुंब नेता येतं, त्या म्हणाल्या; घर, तिकिटं, दवाखाना तिघांचं कंपनी करील, पण मग पत्रातला एक भत्ता निघून जाईल आणि हातात येणारी रक्कम तिसऱ्या हिश्शाने घटेल. शाळेची फी तुमची तुम्ही. बहुतेक लोक सिंगलच पसंत करतात, आजच्या आज सांगितलंत तर बरं. सावकाश म्हणाला, “अर्ध्या तासात कळवतो.”

“तिसरा हिस्सा!” नाना खुर्चीत पुढे सरकले. “अजिबात सोडू नकोस. शाळेची फी धरलीस तर हातात काय राहणार, कप्पाळ? पाच वर्षं कळ काढ. मुली काय, वाढतात आपोआप. मी नाही का रोख रक्कम घेतली? मलाही विचारलं होतं, फॅमिली आणता की पैसे घेता म्हणून. मी पैसे घेतले, म्हणून आज…”

बोलता बोलता ते थांबले, पण जे निघायचं ते तोंडातून निघून गेलं होतं. एकोणीस वर्षं या घरात एकच वाक्य ऐकलं गेलं होतं: कंपनी फॅमिली देत नाही. आईने ते शेजारणींना सांगितलं होतं, माहेरी सांगितलं होतं, आणि लहानपणी रोज विचारणाऱ्या मुलालाही सांगितलं होतं.

आईने हातातला टॉवेल खाली ठेवला. “अहो, माझे किती धरले होते?”

“आता ते जुनं कशाला उकरून काढतेस?”

“विचारतेय. किती?”

नाना आकडे विसरणारे नव्हते. “तुझे महिन्याला चारशे,” ते म्हणाले. “त्याचे दीडशे.”

सावकाश खिडकीकडे वळला. त्याला राग आला नाही. सरळ सांगायचं तर त्याला रडू आलं, आणि चाळिशीच्या माणसाला बापाच्या घरी रडायची सोय नसते. बायको उठून त्याच्या शेजारी जाऊन उभी राहिली.

“तेव्हा दीडशेला किंमत होती,” नाना म्हणाले. “हे घर त्यातूनच उभं राहिलं ना? की आभाळातून पडलं?”

“मग हे घर आमच्या दोघांचं झालं,” आई म्हणाली. आवाज चढला नव्हता. ती मुलाकडे वळली. “त्या बाईला फोन लाव. फॅमिली म्हणून सांग. आत्ता, माझ्यासमोर.”

त्याने फोन लावला आणि सांगितलं. बाईंनी भत्ता जाणार असल्याचं पुन्हा एकदा ऐकवलं. तो म्हणाला, “कळलं मला. तिघांचं लिहा.” मूळ पगार वाढवून मागायचं तो तेवढ्यातही विसरला नाही. बाई म्हणाल्या, विचारून कळवते.

“शाळेच्या फीला कमी पडलं तर लाजायचं नाही,” आई सुनेला म्हणाली. “मला सांगायचं. हे घर विकू.”

“विकू?” नाना ताडकन उठले. “आणि राहायचं कुठे?”

“मी तिकडे मुलाकडे जाईन,” आई म्हणाली. “तुमचा काय प्रश्न आहे? तुम्हाला एकट्याने राहायची सवय आहे.”