एवढं शांत कसं?

परवा घरच्या इन्व्हर्टरच्या बॅटरीत पाणी घालताना ॲसिडचा आंबूस वास आला आणि पिंपरीच्या कंपनीतली ऐंशीच्या आसपासची एक दुपार आठवली.

लाइट गेली होती. पत्र्याचे भाग ठोकणाऱ्या प्रेस शॉपची धडधड थांबली होती. पलीकडच्या खोलीतला काँप्युटर आमच्या बॅटऱ्यांवर चालू होता आणि बॅटरी-रूममध्ये माझे सीनियर कदमभाऊ व मी व्होल्टमीटरचा उतरता काटा बघत होतो. तो लाल रेघेखाली गेला असता, तर तिथलं सकाळपासूनचं काम पुसलं गेलं असतं.

तेवढ्यात काँप्युटरवरच्या बाई दारातून डोकावल्या. "आज एवढं शांत कसं?"

"लाइट गेलीय, बाई."

"आमच्याकडे तर आहे!"

"व्हय, असनारच," काट्यावरची नजर न काढता कदमभाऊ म्हणाले.

थोड्या वेळाने प्रेस पुन्हा धडधडू लागला. बाईंना काही कळलंच नाही, याचा तेव्हा मला राग आला होता. आज वाटतं, आमचं काम तेवढंच तर होतं.