पुढच्या चाकांचा दांडा

आमच्या वीटभट्टीला तळ्यातली माती आणायला लष्कराच्या लिलावातला एक जुना ट्रक आहे. एरवी त्याची फक्त मागची चाकं गाडी ओढतात. चिखल आला की गिअरशेजारचा आखूड दांडा पुढं ढकलायचा, मग पुढचीही ओढायला लागतात. पक्क्या रस्त्याला लागलं की दांडा मागं घ्यायचा. गडमुडशिंगीकडच्या तळ्यातून भरलेली गाडी या दांड्याशिवाय वर येत नाही. ट्रक चालवणारे मामा फौजेतून ड्रायव्हर म्हणूनच निवृत्त झालेले. नात्यानं कुणाचेच नव्हेत, पण भट्टीवर सगळे मामाच म्हणतात.

गेल्या हिवाळ्यात मामांचं काहीतरी बिनसलं. तळ्यातून वर आले की रस्त्याच्या तोंडाशी थांबायचे, गाडी थोडी मागं घ्यायचे, पुढं, पुन्हा मागं. मोटारसायकलवाले खोळंबायचे, शिव्या घालायचे. विचारलं तर म्हणाले, दांडा निघत नाही, मागं-पुढं केलं की सुटतो. हाच दांडा पूर्वी दोन बोटांनी निघायचा. गॅरेजवाल्यानं सगळे सांधे धुतले, ग्रीस भरलं, तेल बदललं. फरक काही नाही. शेवटी त्यानं मला बाजूला घेतलं.

"गाडीला काय झाल्यालं न्हाय, बाई. माणूस बघा."

मामा सत्तरीला आलेले. त्यात स्टिअरिंगही जड लागतंय म्हणाले, तेव्हा मला ते पटलं. मी किल्ली मागून घेतली आणि दुसरा ड्रायव्हर बोलावला. मामा शेडमध्ये बसून स्वतःचे पंजे उलटसुलट करून बघत राहिले. त्यांनाही शंका आली असावी.

नवा ड्रायव्हर तिशीतला, तालमीत जाणारा. पहिल्या खेपेला मी शेजारी बसले. चिखलातून वर आलो आणि दांडा निघेना. त्यानं दोन्ही हातांनी ओढला, मग पाय लावून ओढला. शेवटी गाडी मागं घेतली, पुढं, पुन्हा मागं. मागून एक मोटारसायकलवाला ओरडलाच. म्हणजे दोष माणसाचा नव्हता, आणि गॅरेजवाल्याच्या मते गाडीचाही नव्हता.

परत आल्यावर मामांना विचारलं, हे नेमकं कधीपासून. त्यांनी बोटांवर महिने मोजले.

"टायर बदलून माती सुरू केली, तवापास्नं."

दसऱ्याला मी दोन नवे टायर घेतले होते. नवे टायर पुढं घालायचे, हे सगळेच करतात, तसंच मीही केलं होतं. मामा उठले, विटा रचायची दोरी आणली आणि नव्या टायरभोवती गुंडाळून खुणेची गाठ मारली. तीच दोरी मागच्या झिजलेल्या टायरला लावली, तर चार बोटं उरली. आता कुठं मामांचा चेहरा मोकळा झाला, माझा नाही. चार बोटांनी एवढा ट्रक कसा अडेल?

मामांनी समजावलं. दांडा टाकला की पुढची-मागची चाकं एकाच वेगानं फिरतात, आणि मोठं चाक एका फेऱ्यात जास्त जातं. कवायतीत पुढची रांग लांब पावलं टाकते आणि मागची आखूड, पण दोन्ही रांगांचे हात एकमेकांना बांधलेले आहेत, असं धरायचं. चिखलात पाय घसरतो, भागून जातं. पक्क्या रस्त्यावर घसरायला जागा नसते, ताण साठत जातो आणि दांडा त्यातच आवळला जातो. गाडी मागं घेतली की ताण उतरतो. मी मान डोलावली. अर्धंच कळलं होतं.

पुढच्या चाकांना पुन्हा जुनेच टायर चढवले. ते मागच्यांच्या बरोबरीनं झिजलेले होते. नव्या ड्रायव्हरला त्या दिवसाची मजुरी देऊन घरी पाठवलं. किल्ली मामांच्या हातात दिली आणि खेपेला मी पुन्हा शेजारी बसले. रस्त्याच्या तोंडाशी दांडा खट्कन मागं आला.

मामा रस्त्याकडं बघतच म्हणाले, "हातबी मोजून घेता का, वैनी? दोरी हाय की."

नवे टायर अजून शेडमध्ये पडून आहेत. येणारा-जाणारा विचारतो, झिजके पुढं घालून नवे आत का ठेवलेत. मी मामांकडं बोट दाखवते.