पाठीमागून आलेलं पाणी

विमान सुटलं तरी माझी पँट घोट्यापाशी ओलीच आहे. इस्तंबूलला दोन विमानांच्या मधले सात तास होते, म्हणून आम्ही दोघं गावात भटकून आलो. गल्लीतल्या एका आजींच्या हॉटेलात चहा प्यायलो आणि निघालो, तर आजींनी मागून तांब्याभर पाणीच फेकलं!

"अहो, काय चुकलं आपलं?" बायको घाबरली.

तिचा चेहरा बघून आजींचा मुलगा हसला आणि इंग्रजीत म्हणाला, "निघालेला माणूस सुखरूप परत यावा, म्हणून आम्ही पाणी टाकतो."

"म्हणजे निघताना आपण हातावर दही घालतो, तसंच की!" असं म्हणत बायको उलटी फिरली आणि थेट आजींच्या पाया पडली.

सात तासांत गाव कुठलं बघून होतंय? पण तेवढ्यात तिथल्या कुणाला तरी आपण परत यावं असं वाटू शकतं.

घोट्याला गार लागतंय. लागू दे. इतक्यात वाळायला नको.